५/८ मोठा की ७/१२? मुलीला पटतच नाहीये

ठाणे_वेस्ट: मुलगी पाचवीत आहे, म्हणते ७/१२ मोठा कारण दोन्ही आकडे मोठे आहेत. छेद समान करून दाखवले, १५/२४ आणि १४/२४, उत्तर मान्य केलं पण का ते काही डोक्यात शिरलं नाही. सोपं कसं सांगू?

ऐरोलीकर: सातबारा बघून मला वाटलं जमिनीचा धागा आहे 😄 तिरकस गुणाकार करा, ५×१२=६०, ७×८=५६, पहिला मोठा, झालं.

वाशी_सेक्टर१७: ते ठीक आहे हो, पण तो पण छेद ९६ करण्याचाच प्रकार, आणि नुसती ट्रिक दिली की पोरं बेरजेत पण तिरकस गुणत सुटतात. आधी अर्ध्याशी तुलना करायला लावा. ८ चं अर्धं ४, म्हणजे ५/८ अर्ध्यापेक्षा १/८ ने जास्त. १२ चं अर्धं ६, म्हणजे ७/१२ फक्त १/१२ ने जास्त. मग विचारा, एक केक ८ जणांत वाटला तर तुकडा मोठा की १२ जणांत? जमलं की ७/८ आणि ८/९ द्या, तिथे १ व्हायला किती कमी पडतंय ते बघायचं.

ठाणे_वेस्ट: आत्ताच विचारलं, ८/९ म्हणाली, १/९ च कमी आहे म्हणून. थँक्स!