डावा सराउंड कानातच बोलतो, डिले वाढवला तर अजून बिघडलं

हॉलमधलंथिएटर

नमस्कार मंडळी, दिवाळीत 5.1 (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) घेतलं, रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) ऑडिसीवाला आहे, म्हणजे माइक लावून स्पीकर आपोआप जुळवणारा, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. हॉल आपला नेहमीचा फ्लॅटमधला, 11 बाय 16, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला (पुढे ओढला की बायको परत मागे ढकलते, त्यामुळे तो विषय बंद). समोरचे दोन स्पीकर साडेदहा फुटांवर, सेंटर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात साधारण 10 फुटांवर. डावा सराउंड (बाजूचा स्पीकर) जेमतेम 4 फुटांवर कारण तिकडे भिंत जवळ आहे आणि उजवा 8 फुटांवर कारण मध्ये गॅलरीचं सरकतं दार येतं.

प्रॉब्लेम असा की सगळा सिनेमा मला डाव्या बाजूने ऐकू येतो. पाऊस पडला की डावीकडेच पडतो. डायलॉग पुटपुटल्यासारखे आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधायची पळापळ. जो मुलगा बसवायला आला होता त्याने सगळे स्पीकर 10 फूट टाकून ठेवले आणि चहा पिऊन गेला.

मी वाचलं की जवळच्या स्पीकरला जास्त डिले द्यायचा, म्हणजे त्याचा आवाज उशिरा सोडायचा. म्हणून मेनूत जाऊन डाव्या सराउंडचं डिस्टन्स 10 चं 14 फूट केलं. तर आधीपेक्षा वाईट झालंय, आता तर तो कानातच बसलाय. काय चुकतंय?

डेसिबलदादा

उलटं केलंत राव. पण तुमची एकट्याची चूक नाहीये, याच्यात निम्मी जनता अडकते.

जुन्या रिसीव्हरमध्ये डिले मिलीसेकंदात टाकायचा असायचा, तिथे आकडा वाढवला की आवाज उशिरा. तुम्ही वाचलेला सल्ला तिथला. आता बहुतेक ठिकाणी अंतर विचारतात, आणि अंतर म्हणजे तुम्ही रिसीव्हरला माहिती देताय, हुकूम नाही. तुम्ही 14 सांगितलंत तर तो बिचारा समजतो की हा सगळ्यात लांबचा, याला सगळ्यात आधी सोडू, बाकीच्यांना थांबवू.

हिशोब बघा. आवाजाला एक फूट जायला साधारण 0.9 मिलीसेकंद लागतात, मीटरमध्ये बोलायचं तर एका मिलीसेकंदात 34 सेंटीमीटर. सगळे 10 वर होते तेव्हा डावा सराउंड समोरच्यांपेक्षा साडेसहा फूट आधी पोचत होता, म्हणजे पावणेसहा मिलीसेकंद. तुम्ही 14 केलंत तेव्हा समोरचे अजून 4 फूट मागे पडले, म्हणजे आता तो जवळजवळ साडेदहा फूट, सव्वानऊ मिलीसेकंद पुढे आहे. आणि कानाचा स्वभाव असा की तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर जो आधी येतो तिकडूनच आला असं वाटतं, नंतरचा वेगळा ऐकूच येत नाही. म्हणून पाऊस डावीकडे.

टेप घ्या, डोकं जिथे असतं तिथपासून प्रत्येक स्पीकरच्या तोंडापर्यंत मोजा आणि जे आहे ते टाका. अर्धा फूट इकडेतिकडे झाला तरी आभाळ कोसळत नाही.

मग लेव्हल, म्हणजे कोणता स्पीकर किती मोठा वाजतो ते. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डीबीने (डेसिबल) पडतो, हे मोकळ्या मैदानात, खोलीत भिंती परत फेकतात म्हणून थोडं कमी पडतो. तुमचा डावा 4 वर, उजवा 8 वर, तर दोघांत 4-5 डीबीचा फरक निघेलच. टेस्ट टोन लावा, तो नळ सोडल्यासारखा श्श्श आवाज येतो तो, आणि मोबाईलवर मीटरचं अ‍ॅप टाकून सी वेटिंग आणि स्लो ही सेटिंग ठेवा. 75 डीबी हा नेहमीचा आकडा आहे पण 72 वर जुळवलंत तरी चालेल, पाचही सारखे आले पाहिजेत हे महत्त्वाचं. मोजताना पंखा बंद.

सबवूफरवेडी

दादांशी सहमत, फक्त मोबाईलच्या अ‍ॅपवर सबवूफर जुळवू नका हो. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो, खालचा बेस त्याला नीट ऐकूच येत नाही, मग तुम्ही सब वाढवत बसाल आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतील (स्वानुभव, रात्री साडेअकरा, काका बनियनवर).

त्यापेक्षा ऑडिसी नीट चालवा ना, माइक बॉक्समध्ये दिलेलाच असतो. तो सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवायचा नाही, कॅमेऱ्याचा स्टँड असेल तर त्यावर, कानाच्या उंचीला, टोक छताकडे. आणि तो सांगेल त्या माइकच्या सगळ्या पोझिशन मोजा, पहिली मात्र तुमची नेहमीची बसायची जागा, कारण अंतर आणि लेव्हल तो तिच्यावरूनच धरतो. तुमचा सोफा भिंतीला आहे तर माइक भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्या, अगदी चिकटून मोजलं की बेसचं भलतंच चित्र येतं.

दोन गोष्टी आधीच सांगते म्हणजे परत धागा काढावा लागणार नाही. सबचं अंतर टेपने 7 फूट असेल आणि ऑडिसी 12-13 दाखवेल, ते चूक समजून बदलू नका. सबच्या आतल्या सर्किटमध्येच आवाज थोडा रेंगाळतो, तो उशीर ऑडिसी फुटांत दाखवतो. दुसरं, सबची लेव्हल पार तळाला, -12 ला आली तर सबच्या मागचं बटन कमी करून पुन्हा मोजा, -12 च्या खाली जाता येत नाही म्हणून तो तिथे थांबलेला असतो, खरा आकडा नाही तो.

नवीनसदस्य_77

माझ्याकडे मॅच बघताना बॅट लागल्याचा आवाज आधी येतो आणि मग बॉल लागलेला दिसतो, यासाठी पण स्पीकरचं डिस्टन्सच वाढवायचं का?

डेसिबलदादा

नाही हो, ते लिप सिंक, वेगळं दुखणं. स्पीकरच्या अंतराचा खेळ पाच-दहा मिलीसेकंदांचा, ते डोळ्याला कळणारच नाही. तुमचा टीव्ही चित्रावर प्रोसेसिंग करत बसतो म्हणून चित्र मागे पडतं. रिसीव्हरच्या मेनूत ऑडिओ डिले असतो तो हळूहळू वाढवा, किंवा टीव्हीचा गेम मोड लावून बघा. यावर वेगळा धागा काढा प्लीज, हॉलवाल्यांचं राहून जाईल.

कोथरूडचाकान

डायलॉगचं कोणीच बोललं नाही. सेंटर खालच्या कप्प्यात म्हणजे तो तुमच्या गुडघ्यांशी बोलतोय. कप्प्याच्या पार कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूखाली दाराला लावतो ती रबरी पाचर सारून तोंड कानाकडे करा. फुकटातला सगळ्यात मोठा फरक. त्यानंतर सगळं जुळवून झालं की सेंटरला वरून 2 डीबी द्या, ही चीटिंग नाही, सगळे करतात.

आणि हो, डायनॅमिक ईक्यू (ऑडिसीचीच हळू आवाजात बेस सांभाळणारी सोय) चालू असेल तर कमी व्हॉल्यूमला तो सराउंड मुद्दाम उचलतो. मी बंद केलाय, दादांना तो आवडतो, आमचं भांडण जुनं आहे.

डेसिबलदादा

बंद केला की हळू आवाजात बेस मरतो. सराउंड 2 डीबी खाली करा आणि चालू ठेवा. बास.

हॉलमधलंथिएटर

काल रात्री केलं सगळं. स्टँड नव्हता म्हणून स्टुलावर डाळी-तांदळाचे डबे रचून माइक ठेवला. आलेले आकडे: समोरचे दोन्ही 10.4, सेंटर 9.9, डावा सराउंड 4.1, उजवा 7.8, सब 12.5 (टेपने 7, म्हणजे ताई बरोबर). लेव्हल डावा -6.5, उजवा -2, सेंटर +0.5. सेंटरला पाचर मारली आणि 2.5 केलं.

पाऊस आता खोलीभर पडतोय! डायलॉग पण 80 टक्के सुटला. मारामारी अजून मोठीच वाटते पण.

कोथरूडचाकान

सिनेमात बोलणं आणि स्फोट यांच्यात फरक ठेवलेलाच असतो, सगळं जुळलेल्या सिस्टीमवर व्हॉल्यूम 0 ला (इथे 0 म्हणजे शांत नव्हे, थिएटरइतका मोठा) नेलात तर एकेका स्पीकरमधून 105 डीबीपर्यंत धडका येतात, थिएटरसारखं. फ्लॅटमध्ये रात्री डायनॅमिक व्हॉल्यूम (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारी सोय) लाइटवर ठेवा, दिवसा काढा.

सबवूफरवेडी

डब्यांवर माइक?? स्टीलचे का? आवाज आपटतो हो त्यावर, टोक वर असलं तरी. एकदा कोणाचा तरी ट्रायपॉड मागून आणा आणि परत मोजा, सराउंड अर्धा-एक डीबी हलतात की नाही बघा. इथे आकडे टाका.

हॉलमधलंथिएटर

स्टीलचेच. भावजींकडे ट्रायपॉड आहे, रविवारी आणतो. तोपर्यंत डबे स्वयंपाकघरात परत गेलेत, तशी सूचना आली होती.