एका तालुक्यातले दोन विरोध, आणि निर्णयाच्या बैठकीत कुणी बसायचं?

कातळसडा (धागाकर्ता)

राजापूर तालुक्यावर गेल्या वीसेक वर्षांत दोन अवाढव्य प्रकल्प येऊ घातले. माडबनला 9,900 मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प, आणि आधी नाणार, मग बारसू-सोलगाव अशी जागा बदलत आलेली, वर्षाला 6 कोटी टन क्षमतेची रिफायनरी. हवामानाच्या हिशेबात ही दोन टोकं आहेत. पहिला म्हणे कोळसा वाचवणार, दुसरी आणखी काही दशकं तेल जाळायची सोय करणार.

पण विरोध करणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं ते बघा. 18 एप्रिल 2011 ला साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात तबरेज सायेकर हा तरुण गेला. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, माती परीक्षणाची यंत्रं आली तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. मग जमावबंदी, धरपकड, लाठ्या, अश्रुधूर. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिफायनरीबद्दल लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना राजापुरात गाडीखाली चिरडलं गेलं आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाला कार्बनचं गणित विचारायचं कारणच नव्हतं. प्रकल्प कुठलाही असो, समोर उभा राहिलेला माणूस त्याच्या लेखी सारखाच.

हे आज लिहायचं कारण म्हणजे हवामान परिषदांपासून पुण्यातल्या चर्चासत्रांपर्यंत सगळीकडे ‘पर्यावरण रक्षकांना संरक्षण द्या, निर्णयात सामील करा’ असा सूर ऐकू येतो. मला तो पटतो. फक्त ही मंडळी बारसूच्या बायकांचे फोटो लावतात आणि माडबनचं नाव निघालं की चुळबुळतात. मग संरक्षण मिळायला आधी बरोबर असावं लागतं का? माझं म्हणणं असं की ही अटच चुकीची आहे. ज्याची जमीन, ज्याची खाडी, त्याला जागा ठरण्याआधी विचारायचं. आणि तो नाही म्हणाला म्हणून त्याच्या घरी पोलिसांची प्रतिबंधात्मक नोटीस जाता कामा नये. त्याचं ‘नाही’ शास्त्राला धरून आहे की नाही, हा पुढचा प्रश्न.

फेज_न्यूट्रल

वीज क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे हे गोड बोलणं मला परवडत नाही. जैतापूरला पर्यावरण मंजुरी 2010 च्या नोव्हेंबरात मिळाली. आज तिथे कुंपण आहे, अणुभट्टी नाही. या काळात महाराष्ट्राने वीज कशातून काढली? चंद्रपूर, कोराडी, तिरोडा. कोळसा, कोळसा आणि कोळसा. त्या राखेखाली राहणारा चंद्रपूरचा माणूस झळ सोसणारा नाही का? त्याच्यातर्फे माडबनमध्ये कोण बोलणार होतं?

‘पर्यावरण रक्षक’ ही पदवी देतं कोण? स्वतःच घ्यायची? उद्या सौर पार्कविरुद्ध, परवा पवनचक्कीविरुद्ध कुणी उभा राहिला तर तोही रक्षक. मग हवामानाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

कातळसडा

चंद्रपूरचा मुद्दा रास्त, त्यावर वाद नाही. पण जैतापूर आंदोलनाने अडवलं ही समजूत सोयीची आहे. गोळीबारानंतर आंदोलन चिरडलं गेलं, जमिनीचा मोबदला वाढवला गेला, बऱ्याच जणांनी तो घेतलाही. नंतरची रखडपट्टी झाली ती अणुभट्ट्या पुरवणारी फ्रेंच कंपनी अरेव्हा आर्थिक गाळात गेली म्हणून, अणुभट्ट्यांचा धंदा फ्रान्सच्याच ईडीएफ या वीज कंपनीकडे गेला म्हणून, विजेचा दर जुळेना म्हणून आणि अपघाताची भरपाई कुणी द्यायची ते ठरवणाऱ्या 2010 च्या अणु दायित्व कायद्यावरून परदेशी पुरवठादार अडून बसले म्हणून. ईडीएफचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव आला तोच 2021 मध्ये. पॅरिसमधल्या ताळेबंदाचं खापर साखरी नाट्याच्या मच्छीमारावर कशाला?

राजापूरची_लेक

दोघेही बाहेरून बोलताय म्हणून लिहिते. माझं माहेर बारसूपासून लांब नाही. आमच्या वाडीत कुलूपबंद घरं जास्त, उघडी कमी. मुलगा दहावी झाला की मुंबईची गाडी पकडतो. त्यामुळे ‘गावाचा विरोध’ म्हणजे नक्की कुणाचा, ते एकदा ठरवा. मुंबईच्या मंडळात बसून ठराव करणारे चाकरमानी वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि शिमग्याला. त्यांना निसर्ग जपलेला हवा असतो, आम्हाला दवाखाना हवा असतो. दुसऱ्या बाजूला प्रकल्प येणार याची कुणकुण लागताच सड्यावरची जमीन घेऊन ठेवणारे बाहेरचे लोक. सातबारा त्यांच्याही नावावर. तेही ‘स्थानिक जमीनमालक’ म्हणून संमतिपत्र देऊन मोकळे.

आणि गावातसुद्धा कोण बोलतं? आंबा बागायतदार बोलतो, ट्रॉलरवाला बोलतो. बागेत रोजावर जाणारी, सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई बोलत नाही. रस्त्यावर आडवं व्हायला मात्र तीच पुढे. तुम्ही सामील कुणाला करणार? आंदोलन समितीच्या अध्यक्षाला की तिला?

वकिली_कोट

कायद्याचं थोडं बोलतो, कारण वरची चर्चा हवेत चालली आहे.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना जनसुनावणी सांगते. ती प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ घ्यायची, तीस दिवसांची सूचना द्यायची, शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. कागदावर उत्तम. पण सुनावणी घेणाऱ्या पॅनेलला हो-नाही म्हणायचा अधिकार नाही, ते फक्त नोंदवतं. सविस्तर अहवाल इंग्रजीत, मराठीत सारांश पुरतो. आणि मुख्य म्हणजे हे सगळं जागा निवडून झाल्यावर. वऱ्हाड दारात आल्यावर मुलीला ‘पसंत आहे का’ विचारल्यासारखं.

संरक्षणाचं तर आणखी हलाखीचं. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी 13 जानेवारी 2010 ला मारले गेले तेव्हा देशभर गाजावाजा झाला. 2014 मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अंमलातच आणलेला नाही.

लॅटिन अमेरिकेने मात्र एस्काझू करार केला. 2018 मध्ये मंजूर, 22 एप्रिल 2021 पासून लागू. त्याचं नववं कलम सरळ पर्यावरण रक्षकांवर आहे: त्यांना सुरक्षित काम करता येईल असं वातावरण ठेवणं आणि हल्ल्यांचा तपास करून शिक्षा करणं ही राज्याची जबाबदारी. असं बंधन घालणारा हा जगातला पहिला करार. पर्यावरणाची माहिती आणि निर्णयात सहभाग यांचा हक्क देणाऱ्या युरोपच्या आर्हुस कराराने 2022 मध्ये याच कामासाठी खास दूत नेमला. त्या कराराचं दार युरोपाबाहेरच्या देशांनाही उघडं आहे. गिनी-बिसाऊसारखा छोटा देश 2023 मध्ये आत गेला. आपण नाही.

सरळरेघ

वकीलसाहेब, तुमच्याच लॅटिन अमेरिकेचं बघा. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या मोजणीत 2023 मध्ये जगभर 196 पर्यावरण रक्षक मारले गेले, त्यातले 79 एकट्या कोलंबियात. करार करून काय दिवे लागले?

आणि वारिशेंचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2017 चा खास कायदा होताच ना? तरी गाडी अंगावर गेलीच. डॉक्टरांसाठी कायदा, पत्रकारांसाठी कायदा, आता रक्षकांसाठी. खून हा खूनच असतो, त्याला कलम आहे. आहे तेच पोलीस नीट वापरत नाहीत, तिथे नवं कलम घालून काय होणार?

वकिली_कोट

कोलंबियाबद्दल घाई करताय. तिथल्या संसदेने करार 2022 मध्ये मान्य केला, पण घटनात्मक न्यायालयातून जाऊन रीतसर पक्षकार व्हायला 2024 उजाडलं. त्यामुळे 2023 चे मृत्यू कराराच्या खात्यावर मांडता येत नाहीत. 2024 मध्येही कोलंबियाच वर होता, 48 जण, म्हणजे औषध लागू पडलं असंही मी म्हणत नाही.

2017 च्या कायद्याबद्दल: तो हल्ला झाल्यावर जागा होतो. मला हवं आहे ते आधीचं. धमकीची तक्रार आली की तिची दखल कुणी, किती दिवसांत घ्यायची, आणि ज्या ठाण्याने आंदोलकांवर गुन्हे नोंदले त्याच ठाण्याकडे ती जाऊ नये, इतकं जरी लिहून ठेवलं तरी फरक पडेल. खुनापर्यंत गोष्ट एका दिवसात जात नाही.

कालव्याकाठी

नेदरलँड्समध्ये राहतो, म्हणून इथली एक गोष्ट. होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांना मार्च 2016 मध्ये घरात घुसून मारलं. लेंका आदिवासींच्या ग्वालकार्के नदीवर होणाऱ्या आग्वा झार्का धरणाला त्यांचा विरोध होता. लक्षात घ्या, जलविद्युत प्रकल्प. म्हणजे फेज_न्यूट्रल यांच्या वहीत ‘स्वच्छ वीज’. त्यात पैसा होता इथल्या एफएमओ या विकास बँकेचा. 2013 मध्येच त्या धरणाविरुद्धच्या निदर्शनात एक आंदोलक सैनिकाच्या गोळीने मेला होता. तरी 2014 मध्ये कर्जाचा करार झाला. बेर्तांच्या खुनानंतर पैसे थांबले आणि 2017 मध्ये बँक बाहेर पडली. पुढे धरण कंपनीचा प्रमुख खुनाच्या कटात दोषी ठरला.

सरकार ऐकत नसेल तर पैसेवाल्याकडे जा, एवढंच सांगायचं आहे. स्थानिकांना विचारलं का, आंदोलकांवर किती गुन्हे आहेत, हे प्रश्न कर्ज देण्याआधी विचारले गेले असते तर ती बाई जिवंत राहण्याची शक्यता होती.

झाडीपट्टी

कोकणाचं ऐकलं, आता गडचिरोलीचं ऐका. सूरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी खाणीच्या तालुक्याला एटापल्लीत नाही, गडचिरोलीत जिल्हा मुख्यालयात झाली. खाणीलगतच्या गावच्या माणसानं जायचं कसं अन् परत यायचं कसं? वर वकीलसाहेबांनी सांगितलेलं ‘अगदी जवळ’ ते हेच.

आमच्याकडं आणखी एक फास आहे, तो शहरातल्या लोकांना कळत नाही. 2016 च्या डिसेंबरात नक्षल्यांनी सूरजागडला सत्तरवर गाड्या जाळल्या. त्यानंतर खाणीला नाही म्हणणारा प्रत्येक माणूस पोलिसांच्या नजरेत ‘त्यांचा’. अन् पोलिसांशी बोलला की जंगलातल्यांच्या नजरेत खबरी. दोन्हीकडून मरण. ग्रामसभेचा ठराव घेऊन कायद्यानं जाणाऱ्यालाच जागा उरत नाही. आता राज्याचा जनसुरक्षा कायदा आला, त्यातली भाषा किती ऐसपैस आहे ते वाचून घ्या.

पण सामील करून घेतलं तर काय होतं, तेही आमच्याच जिल्ह्यात दिसतं. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये ग्रामसभेनं स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. गावानं जंगल तोडून खाल्लं नाही, राखलं. हवामानाच्या अहवालात ‘कार्बन साठा’ म्हणून जे दाखवता, ते कुणी राखलं आहे हेही लिहीत चला.

फेज_न्यूट्रल

झाडीपट्टी, मेंढा-लेखाला सलाम. गोळीबार, तडीपारी, खोटे गुन्हे यांचं समर्थन मी कधीच केलं नाही. मला अडतं ते पुढे. ओडिशातल्या नियमगिरीत 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला लावलं. बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या, वेदांताची बॉक्साइट खाण थांबली. ठीक, तिथे देवाचा डोंगर होता. पण हाच नियम सगळीकडे लावला तर प्रत्येक टॉवरलाईन, प्रत्येक पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून गरजेला त्यातून वीज काढणारा प्रकल्प), प्रत्येक सौर पार्क कुठल्या ना कुठल्या गावाच्या ‘नाही’वर अडकेल. तापमान ग्रामसभेची तारीख बघून वाढत नाही.

मांडवी_काठ

टॉवरलाईनचं नाव घेतलंत म्हणून गोव्यातून लिहितो. मोलेच्या अभयारण्यातून 400 केव्हीची वाहिनी, रेल्वेचं दुपदरीकरण आणि चौपदरी रस्ता असे तीन प्रकल्प एकदम आले. 2020 च्या नोव्हेंबरात चांदरला लोकांनी रात्रभर रुळांवर बसून मेणबत्त्या लावल्या, आणि गुन्हे नोंदले गेले ते त्यांच्यावर. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने सांगितलं की वाहिनीसाठी जंगलात नवा पट्टा पाडू नका, आहे त्या जुन्या वाहिनीच्या मार्गाने न्या. दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी 2022 मध्ये न्यायालयाने रद्दच केली. वीज नको असं समितीने म्हटलं नाही, मार्ग बदला म्हटलं. हे आधी विचारलं असतं तर निम्मी कोर्टबाजी वाचली असती.

डोलकर_वरळी

आमचंही तेच. कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या न्यायच्या तर दोन खांबांत 160 मीटर अंतर द्या, अशी कोळ्यांची मागणी. आराखड्यात 60. वाऱ्यात, भरतीत होडी कशी वाहते हे आम्हाला माहीत, त्यांना संगणकाला माहीत. काम अडवावं लागलं, तेव्हा कुठे 2022 च्या शेवटी 120 मान्य झालं. त्याच 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा वाजतगाजत आला. समुद्र वाढणार, पूर येणार, सगळं त्यात आहे. समुद्रावर रोज जाणारा माणूस मात्र निवेदन घेऊन गेटबाहेर.

कातळसडा

फेज_न्यूट्रल, मोले आणि वरळी बघा. दोन्हीकडे लोकांनी प्रकल्प पूर्ण नाकारला नव्हता, तो कुठून आणि कसा जाणार यावर ते बोलत होते. आणि जिथे खरोखर ‘नाही’च आहे, तिथे हो, काही वेळा ते ऐकून घ्यावं लागेल. मी ते लपवत नाही. पण ‘नाही’ लवकर कळलं तर दुसरी जागा बघायला वेळ असतो. बारसूत काय झालं? तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जानेवारी 2022 मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून जागा सुचवली. गावाला ती वर्तमानपत्रातून कळली. त्या सड्यावरची कातळशिल्पं तेव्हा युनेस्कोच्या संभाव्य यादीच्या उंबरठ्यावर होती, त्याच वर्षी ती यादीत गेलीसुद्धा. एका ग्रामसभेत हे कुणीही सांगितलं असतं.

सह्याद्रीत आता पंप्ड स्टोरेजचे करारावर करार होत आहेत. तिथून सुरुवात करा. पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाने जागांची कच्ची यादी, करार होण्याआधी, मराठीत, त्या त्या ग्रामसभेपुढे ठेवावी. आणि विरोधी ठराव करणाऱ्यांवर प्रतिबंधात्मक कारवाई करायची असेल तर जिल्हाधिकाऱ्याने लेखी कारण द्यावं.

सरळरेघ

जिल्हाधिकारी लेखी कारण देईलच की. ‘कायदा व सुव्यवस्था’. तीन शब्द. झालं तुमचं संरक्षण.

राजापूरची_लेक

यादी ठेवणार असाल तर एक सांगते. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायचा नियम आहे. किती ठिकाणी ती रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊन उरकतात ते बघून या. आणि वेळ सकाळी अकराची ठेवू नका, बागेत गेलेली बाई संध्याकाळी सहाला घरी येते. मला स्वतःला रिफायनरी हवी होती की नको, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. ना कंपनीने, ना समितीने.