मदत हवी आहे: आईविना पिल्लं, शब्बाथ आणि बेराखा

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. सोसायटीतली कुत्री गाडीखाली गेली आणि तिची दोन पिल्लं आता आमच्या घरी आहेत. डोळे उघडलेत, लुटुलुटु चालतात, हिरडीला बोट लावलं तर दाताचं टोक नुकतं लागतं. डॉक्टर म्हणाले, तीनेक आठवड्यांची असतील. गाईचं दूध त्यांनी साफ नको सांगितलं, जुलाब लागतात म्हणून. पिल्लांची दूधपावडर कोमट पाण्यात कालवून दर चार तासांनी बाटलीने पाजतोय. पाजताना पिल्लू पोटावरच ठेवायचं, उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

आजीचा नियम पक्का: आधी मुकं जनावर, मग आपण. तोरामध्येही (आमच्या धर्मग्रंथात) आधी गुरांसाठी गवत आणि मग 'तू खाशील' असाच क्रम आहे, असं ती सांगते. ते आम्ही पाळतोच. अडचण शुक्रवार संध्याकाळपासूनची आहे. तेव्हा शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि विस्तव-दिवा पेटवत नाहीत. शब्बाथला पिल्लांना उचलायचं का? दूध कसं कोमट करायचं? आणि मुलं विचारतात, पिल्लांना पाहून कुठला बेराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीचं वचन, म्हणायचा? हत्ती आणि माकड पाहिल्यावरचा माहीत आहे, पण पिल्लांचं काय? जाणकारांनी कृपया लवकर सांगा, शुक्रवार जवळ आलाय.

प्रतिसाद:

ताई, आजींचं अगदी बरोबर आहे. हमोत्सी, म्हणजे भाकरीवरचा बेराखा, म्हटल्यावर घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नसतं, पण 'जनावराला खायला घाला' एवढं बोललं तर बेराखा वाया जात नाही, असं तालमुदात, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, बेराखोत या भागात (पान 40अ) आहे. पोटाच्या भुकेला तिथे एवढा मान आहे!

आपल्यावर अवलंबून असलेल्या जनावराला शब्बाथला खायला घालता येतं. एरवी जनावर उचलत नाहीत, पण त्याचे हाल होत असतील तर बऱ्याच रब्बींनी (धर्मगुरूंनी) मोकळीक दिली आहे. तरी तुमच्या हज्जानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) आधी विचारून घ्या. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या आधीच गरम पाणी फ्लास्कमध्ये भरा, आणि पिल्लांच्या खोक्यावरचा बल्ब तेव्हाच लावून ठेवा. खोक्याचा एक कोपरा मात्र गार राहू दे, उकडलं तर तिकडे सरकतील.

सुंदर जीव पाहिल्यावरचा बेराखा 'शेकाखा लो बेओलामो' या शब्दांनी संपतो. हल्ली बरेच जण तो देवाचं नाव न घेता म्हणतात. मुलांना तसाच शिकवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. किद्दुशच्या (शब्बाथच्या प्रार्थनेच्या) सरबताच्या गाळलेल्या मनुका आणि मलिद्यातले बेदाणे पिल्लांच्या तोंडी अजिबात लागू देऊ नका. द्राक्षं असोत की मनुका, कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. मुलांच्या हातून टेबलाखाली सांडतात, तेवढं लगेच झाडून घ्या.

जंताचं औषध सुरू केलंय का? ते दोन आठवड्यांपासूनच देतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, आणि लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लांना रस्त्यावर सोडू नका, पार्वो या जीवघेण्या विषाणूची लागण होते.