मदत हवी आहे: भाचीच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटबद्दल

नमस्कार मंडळी, माझी भाची ६ वर्षांची, तिला थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसं चांगलं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार) आहे, दर तीन आठवड्यांनी ताई तिला गावाहून लातूरला रक्त चढवायला नेते. डॉक्टर म्हणतात ट्रान्सप्लांट जितकं लवकर तितकं बरं, पण सख्ख्या भावंडाचं एचएलए (डोनर चालेल का ते ठरवणारा टिश्यूचा प्रकार) जुळायचा चान्स २५ टक्केच असतो आणि तिच्या भावाचं नाही जुळलं, रिपोर्ट आला त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. आता दात्री रजिस्ट्रीत (नात्याबाहेरच्या, स्वेच्छेने स्टेम सेल देणाऱ्यांची नोंदणी) डोनर शोधायचा की वडिलांचं हाफ मॅच (अर्धंच एचएलए जुळणाऱ्याकडून ट्रान्सप्लांट) करायचं? कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मिळतात, पण हाफ मॅचला मिळतात का? आणि ट्रान्सप्लांटसाठी मुंबईत काही महिने राहायची स्वस्त सोय? दाजी रोजंदारीवर आहेत, पैशाइतकीच हीपण अडचण आहे. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.