प्रेम आणि मनिऑर्डर

'परदेशात नवरा-बायको उठता-बसता प्रेम बोलून दाखवतात, आपल्या जुन्या लग्नांत ते नव्हतंच' हे नेहमीचं म्हणणं मला पटत नाही. आमचे आजोबा लालबागला गिरणीत, आजी मालवणजवळच्या गावात. भेट गणपतीत आणि शिमग्याला, तीही एसटीचे हाल सोसून (कोकण रेल्वे १९९८ची). मनिऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला दोन-चार ओळींची जागा असे. आजोबा लिहीत, 'भात कापून झालं का? तुझा खोकला कसा आहे?' आजीला वाचता येत नसे. पोस्टमनच वाचून दाखवी, तोही सासऱ्यांसमोर! तिथे आणखी काय डोंबल लिहिणार?

पण फार कौतुकही नको. शेत, पोरं, म्हातारी माणसं सगळं तिनेच ओढलं. तिला एकदा मुंबई बघायची होती. १९८२च्या संपात गिरणी बंद पडली आणि आजोबाच गावी परतले.