नदी-ओढ्याकाठची मासेमारी : आपले अनुभव लिहा

काल ठाण्याच्या मासळी बाजारात एका मावशींच्या घमेल्यात बोटभर पाण्यात जिवंत मरळ दिसली आणि टिटवाळ्याला काळू नदीकाठी मामांबरोबर घालवलेला दिवस आठवला. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून एवढ्याशा पाण्यात ती तग धरते. डोहाच्या कडेला गवताजवळ ती वर येते तेव्हा पाण्यावर हलके वर्तुळ उमटते आणि त्याच्या थोडे पुढे गळ टाकायचा असतो, हे मामांनी मला तिथे शिकवले. आमिषाला छोटी बेडकी होती. दुपारी भाकरी आणि सुके बोंबील खाऊन झाल्यावर एक चांगली हातभर मरळ लागली. नंतर पाणगवतात शेंदरी पिल्लांचा पुंजका दिसताच मामांनी दोर गुंडाळला, कारण मरळीचे नर-मादी पिल्लांची राखण करतात आणि जवळ आलेल्या कशावरही झेप घेतात. अशी मरळ सहज मिळते, पण मागे पिल्ले उघडी पडतात. आपणही आपले अनुभव जरूर लिहावेत.

नेरूळकर
माझे आजोळ पनवेलजवळ, गाढी नदीच्या बाजूला आहे. आमच्याकडे गळापेक्षा वलगणीची ओढ अधिक. पहिला जोराचा पाऊस झाला की मासे अंडी घालण्यासाठी नदीतून ओहोळात आणि ओहोळातून भातखाचरांत चढतात. आजोबा रात्री बत्ती घेऊन बांधाच्या तोंडाशी बसत, आम्ही मुले पाण्यात उतरत असू आणि पहाटे आजी गाभोळीचे कालवण करीत असे. मात्र दोन ओहोळांपैकी एक आजोबा पूर्ण मोकळा ठेवत. तिथे कोणी हात घातलेला त्यांना खपत नसे.

कळवा
गळावरून शिंगटी काढताना पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना जपावे. माझ्या धाकट्या भावाचा हात दोन दिवस ठणकत होता.

बदलापूरकर
मामांची गोष्ट वाचून फार बरे वाटले. वडील उल्हास नदीवर कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून त्याच्या गोळ्या लावत आणि रोहूची वाट पाहत तासन् तास बसत. मी आजही त्याच काठावर जातो, पण काही ठिकाणी जलपर्णीमुळे गळ टाकायला मोकळे पाणीच सापडत नाही आणि जिथे सापडते तिथे बहुधा चिलापीच लागते. हा मूळचा आफ्रिकेतला मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे ती बरीचशी वाचतात आणि मासा झपाट्याने वाढतो. तो खायला वाईट नाही, तरीही गळ जड झाला की मला अजून रोहूचीच आशा वाटते.

मुरबाडचा जावई
नेरूळकर ताई, आजोबा बांधाच्या तोंडाशी काय लावत, हे कृपया सविस्तर लिहावे. सासरी मी केवळ जाळे पाहिले आहे.

नेरूळकर
दादा, बांबूच्या कामट्यांची निमुळती टोपली लावत. तिच्या तोंडाच्या कामट्या आत वळवलेल्या असल्याने मासा शिरतो, पण परत निघू शकत नाही. ती विणणारे एकच कातकरी कुटुंब आता गावाजवळ उरले आहे. मे महिन्यात मी त्यांच्याकडे जाणार आहे. आपल्याला हवी असल्यास तेव्हा एक जास्तीची सांगेन.