शेतकरी आपल्या कागदपत्रांचे काम दुसऱ्याकडे का सोपवतात?

प्रश्न
डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदान योजनांच्या संकेतस्थळावरचा ठिबक सिंचनाचा अर्जही मोबाइलवरून भरता येतो. तरीही आमच्या गावातील पदवीधर मुलेसुद्धा ही कामे पैसे मोजून सेवा केंद्रातून करून घेतात. यामागे निव्वळ आळस आहे, की आणखी काही?

उत्तर १ (सेवा केंद्रचालक)
अर्ज भरणे अवघड नसते. गाडे अडते ते नावापाशी. आधारवर एक नाव, पासबुकात वडिलांच्या नावाशिवाय अर्धेच, आणि सातबाऱ्यावर अजून आजोबा, कारण वारस नोंदच झालेली नाही. जमिनीचे खाते सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र हवे, आणि त्यातला एखादा भाऊ मुंबईला. अर्ज भरण्याआधी यातले काय निस्तरावे लागेल, हे सांगणारा माणूस लोकांना हवा असतो. शिवाय खरीप पीक विम्याची मुदत नेमकी पेरणी-कोळपणीच्या धांदलीत येते आणि शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ हमखास रखडते. अशा वेळी शेतमजुरांना बांधावर सोडून तालुक्याला कोण बसून राहील?

उत्तर २
वरील मुद्दे पटतात. मात्र २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइलवरून केलेली नोंद, केंद्रात बसून होत नाही, कारण पिकाचे छायाचित्र त्या गट क्रमांकाच्या शेतात उभे राहूनच काढावे लागते. ज्येष्ठ शेतकऱ्यांना तेही जमत नसल्यामुळे आमच्याकडे ते काम शेजारच्या मुलाकडे जाते.

उत्तर ३
काम सोपवण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती अर्जात केंद्रचालकाने स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकण्यास. ओटीपी पटकन मिळावा म्हणून तसे केले जाते, परंतु पुढे कागदपत्रांतील त्रुटीचा किंवा पूर्वसंमतीचा (खरेदीआधी मिळणाऱ्या मंजुरीचा) संदेशही त्याच्याच फोनवर जातो. ठिबकच्या अनुदानात पूर्वसंमतीनंतर ठरलेल्या मुदतीत संच बसवून देयक अपलोड करायचे असते. आमच्या शेजाऱ्यांचा अर्ज याच कारणाने रद्द झाला. पैशांचेही तसेच. २०२३ च्या एक रुपयाच्या पीक विम्यात केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत असताना, आमच्याकडे शेतकऱ्याकडून वेगळे शंभर रुपये घेतले गेले आणि पावती कोणी मागितली नाही.

उत्तर १ (पुन्हा)
मोबाइल क्रमांकाबाबत आपले म्हणणे रास्त आहे. पण अनेकांचा आधारला जोडलेला क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो, म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या, असे मी सांगतो. त्यावर बहुतेक जण म्हणतात, “आत्ता तुमचाच टाका, पुढच्या वेळी बघू.”